मागं बसणाऱ्याचं शॉकअप

सायकल चालवणारी माणसं चालवतात कमी आणि थांबतात जास्त. कोणाची हवा उतरते, कोणाचं पाणी संपतं, कोणाला घरून फोन येतो. थांबली की बोलतात, आणि एक जण बोलायला लागला की बाकीच्यांनाही आपलं काहीतरी आठवतंच. त्यामुळे आमच्या रविवारच्या ग्रुपचे किलोमीटर फारसे जमले नाहीत, किस्से मात्र ढीगभर जमले. त्यातले चारचौघांत सांगण्यासारखे तेवढे सांगतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. नागपुरात डोंगर नाही. सेमिनरी हिल्स आहे, पण तिथे आजोबा नातवाचा हात धरून वर जातात आणि गप्पा न थांबवता खाली येतात. तरी आमच्या सगळ्यांकडे माउंटन बाइक आहे. काहून म्हणून कोणी विचारलं, की आम्ही सिमेंट रोडकडे बोट दाखवतो. रोडचे जॉइंट, कडेची पायरी, फुटपाथचे उखडलेले गट्टू आणि प्रत्येक गल्लीत रहिवाशांनी स्वतःच्या हातांनी घातलेला स्पीडब्रेकर! एवढं सगळं हिमालयातही एका ठिकाणी मिळायचं नाही.

मी स्वतः गाड्यांच्या विम्याचा सर्व्हेअर. चेपलेलं बोनेट बघायचं आणि मालक किती खरं बोलतोय ते ठरवायचं, हे माझं पोटापाण्याचं काम. त्यामुळे कशावरही माझा चटकन विश्वास बसत नाही, सायकलच्या जाहिरातीवर तर नाहीच. माझ्याकडे साधी ॲल्युमिनियमची हार्डटेल आहे. म्हणजे पुढे शॉकअप, मागे नशीब.

*

आमच्यातला सगळ्यात तरुण म्हणजे अमोल. मिहानमध्ये आयटीत आहे. त्याने सायकल घ्यायच्या आधी इतका अभ्यास केला, की तेवढ्यात त्याच्या बहिणीचं लग्न ठरलं आणि झालंही. शेवटी कार्बन फ्रेमची फुल सस्पेन्शन आली, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअप. एका बोटाने उचलली जायची. आम्हाला तो दुसरं बोट लावू देत नव्हता.

एकदा त्याचे वडील काटोलहून मुक्कामाला आले. एवढी महागाची सायकल भिंतीला टेकलेली बघून त्यांचा जीव हळहळला. अमोल ऑफिसला गेल्यावर त्यांनी ती हळूच कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे नेली आणि चांगलं जाडजूड साइड स्टँड बसवून घेतलं.

"घट्ट कस गा," ते वर म्हणाले, "पोराची हाय."

त्याने घट्ट कसलं. कार्बनची नळी वरून कितीही धक्के सोसते, पण अशी चिमटीत धरून आवळली की चिरडते. अमोल संध्याकाळी आला, त्याने ती बारीक रेघ पाहिली आणि जिन्याच्या पायरीवर बसला. मला फोन आला. मी टॉर्च मारून बघितलं, बोट फिरवलं. इतकी वर्षं गाड्या मोडीत काढतोय, पण मालकाकडे बघायची अशी चोरी कधी झाली नव्हती. म्हटलं, "टोटल लॉस आहे."

वडिलांना पटेना. त्यांनी सायकलकडे बघितलं, स्टँडकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काहून? उभी तं हाय!"

अमोलने पुढे नवी फ्रेम आणली, तीही कार्बनचीच. ती बेडरूममध्ये आडवी असते. वडील आले की कुलपात.

*

भोयर सर भौतिकशास्त्राचे रिटायर्ड शिक्षक. त्यांची श्रद्धा स्टीलवर. "स्टीलले जीव असते," असं ते म्हणतात. त्यांच्या सायकलला शॉकअप पुढेही नाही आणि मागेही नाही, कारण स्टील स्वतःच लवते आणि धक्का खाऊन टाकते. हे ते आम्हाला फळा नसलेल्या ठिकाणीही समजावून सांगू शकतात.

एकदा आम्ही कन्हानच्या बाजूला गेलो होतो. नदीकडे उतरणारा रस्ता पुढे खचलेला. सायकली उचलून पलीकडे न्यायच्या होत्या. अमोलची बोटावर गेली. माझी खांद्यावर गेली. सरांच्या सायकलला एकीकडून मी धरलं, दुसरीकडून अमोलने. सर हात मागे बांधून पुढे चालत होते आणि शिकवत होते.

"ॲल्युमिनियम थकते. कार्बन चिरते. स्टील कधीच थकत नाही!"

मी म्हटलं, "सर, स्टील नाही थकत, आम्ही थकून राहिलो."

सर थांबले. मागे वळून त्यांनी आमच्याकडे प्रेमाने बघितलं आणि म्हणाले, "म्हणूनच म्हणतो, तुम्ही पण स्टीलचीच घ्या. सवय होऊन जाईल."

*

आम्ही सगळे सायकली घेतो रफीकभाईंकडून. त्यांच्या दुकानात शिरणारा प्रत्येक माणूस आधी हँडल धरून सायकल दोनदा खाली दाबतो. सायकल घ्यायची असो, नसो. पत्ता विचारायला आलेलेही दाबून जातात. रफीकभाई म्हणतात, "भाऊ, इतनी बार तो डॉक्टर भी पेट नहीं दबाता."

इतवारीतल्या एका व्यापाऱ्याने त्यांच्याकडून फुल सस्पेन्शन नेली. दुसऱ्याच दिवशी परत. तक्रार अशी, की बसलं की सायकल खाली जाते. मागचं शॉकअप दबतं. नवीन माल आणि दबतो म्हणजे काय?

"पक्की दाखवा, न दबणारी."

रफीकभाईंनी जराही वाद घातला नाही. सायकल आत नेली, शॉकअपची लॉकची कळ फिरवली, फडक्याने पुसली आणि तीच बाहेर आणली. शेठ बसून बघतात तर हलत नाही. खूश! ते आजही त्या सायकलवर हाडं खिळखिळी करत फिरतात आणि चार लोकांना रफीकभाईंचं दुकान सुचवतात.

मी रफीकभाईंना म्हटलं, त्यांना कळ दाखवायची ना. ते म्हणाले, "त्यांना सायकल पाहिजे नव्हती भाऊ. इज्जत पाहिजे होती."

*

आता मोरूभाऊ. मूळचे उमरेडचे, घरात पिढ्यान्‌पिढ्या हातमाग. तो बंद झाला, आणि मोरूभाऊंनी नंदनवनात गाद्यांचं दुकान टाकलं. अंगाने असे, की शर्ट हँगरला टांगलाय असं वाटावं. बोटांची सवय मात्र विणकराचीच. कोणतीही वस्तू हातात आली की अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून चोळून बघणार. अमोलची कार्बन फ्रेमही त्यांनी चोळून बघितली आणि "ताणा बरा हाय" म्हणाले. अमोल त्या दिवसापासून त्यांना फार मानतो, कारण कार्बनमध्ये खरंच विणलेले धागे असतात आणि हे त्याच्या आयटीतल्या कोणालाही माहीत नव्हतं.

मोरूभाऊ आमच्याबरोबर त्यांच्या जुन्या काळ्या सायकलवर यायचे. मध्ये यायचे बंद झाले. कुसुमताईंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या पाठीचं ऑपरेशन झालं होतं. ऑपरेशन चांगलं झालं, पण डॉक्टरांनी बजावलं की पाठीला धक्का म्हणून लागता कामा नये. दवाखान्यातून घरी ऑटोने आणलं तेव्हा मी सोबत होतो. प्रत्येक स्पीडब्रेकरला कुसुमताई नुसते ओठ दाबून डोळे मिटायच्या. मला फार वाईट वाटलं. घराच्या गल्लीत कार शिरत नाही, स्कूटर एकदा करून बघितली तर दोन दिवस झोपून काढावे लागले. त्यानंतर कुसुमताई गल्लीच्या तोंडापुढे गेलेल्या नव्हत्या.

आणि कुसुमताई म्हणजे बाजारात रमणारी बाई. रविवारी सकाळी बाजारात जाऊन, दहा ठिकाणी थांबून, भाजीवालीशी भांडून आणि मग तिच्याच पोराची चौकशी करून येणाऱ्या. आता भाजी मोरूभाऊ आणायचे. आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्या भिंतीला पाठ लावून ताठ बसल्या होत्या. तब्येत कशी आहे विचारलं.

"तब्येतीचं काय भाऊ, बरी हाय," त्या म्हणाल्या. "पण ऑपरेशन झाल्यापासून मी यायनं आणलेले वांगे खाऊन राहिली."

आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत. खिडकीकडे बघून म्हणाल्या, "एकडाव बाजार पाहाले भेटला असता तं बरं वाटलं असतं जिवाले."

पुढच्या रविवारी मोरूभाऊ पोह्यांच्या गाडीवर आम्हाला शोधत आले. पोह्यांवरची झणझणीत तर्री नको म्हणाले, तेव्हाच कळलं की मामला गंभीर आहे.

"मले मागं शॉकअप असलेली सायकल पाहिजे," ते म्हणाले. "हिले मागं बसवून बाजारात न्यायची हाय. डॉक्टरले विचारलं. ते म्हणे, धक्का लागत नसंन तं न्या."

*

झालं! आमच्या ग्रुपला आयुष्यात पहिल्यांदा खरं काम मिळालं.

अमोल म्हणाला कार्बन. सर म्हणाले स्टील. मी म्हटलं, आधी हे सांगा की माउंटन बाइकला कॅरिअर कुठे असतं? त्यावर दोघेही माझ्यावरच चिडले.

बोलून निकाल लागत नाही हे बघून मोरूभाऊंनी गादीवाल्याची अक्कल लढवली. घरून स्टीलच्या छोट्या डब्यांत दही लावून आणलं, प्रत्येक सायकलसाठी वेगळं. घट्ट, कवडी पडलेलं, कुसुमताईंच्या हातचं. एकेक डबा कॅरिअरला बांधायचा, नंदनवनातून एक चक्कर मारायची आणि झाकण उघडायचं. दही मोडलं नाही, तर कुसुमताई बसणार. मोडलं, तर सायकल बाद. माझ्या आयुष्यात मी यापेक्षा प्रामाणिक सर्व्हे बघितलेला नाही.

पहिली माझी ॲल्युमिनियमची. रफीकभाईंनी तिला तात्पुरतं कॅरिअर लावून दिलं. झाकण उघडलं, तर ताक.

मग सरांची स्टीलची. सर डबा उघडायच्या आधीच लवचिकतेवर बोलायला लागले होते. उघडला. मोरूभाऊंनी बोट बुडवून चाखलं आणि म्हणाले, "कढी होईन, सर."

अमोलच्या सायकलला कॅरिअर लावायचा विषय निघाला, तेव्हा अमोल सायकल घेऊन घरी गेला. नंतर चालत परत आला.

शेवटी रफीकभाईंनी गोडाऊनमधून एक सायकल काढली. स्टीलची, दांडा खाली झुकलेला, डबल शॉकअप, मागे कॅरिअर. वजनाला म्हैस. अशा सायकलींना आम्ही एरवी ढुंकूनही बघत नाही. पण मागे हा एवढा जाड स्प्रिंग! ही चक्कर मोरूभाऊंनी स्वतः मारली. इतकी जपून, की एक म्हातारे गृहस्थ पायी त्यांच्या पुढे निघून गेले. परत आले ते हसतच. "काहीच लागलं नाही गा! पलंगावर बसल्यासारखं वाटलं!"

झाकण उघडलं. आतापर्यंतचं सगळ्यात वाईट. अजून एक चक्कर झाली असती तर लोणी निघालं असतं.

भोयर सर रस्त्यावर आडवे झाले आणि त्यांनी सायकलच्या खालून बघितलं. उठले तेव्हा तोंड पडलेलं होतं. म्हणाले, "कॅरिअर चाकाच्या बाजूनं बसवलेलं हाय. स्प्रिंग त्याच्या पुढं हाय, सीटच्या खाली. शॉकअप जे हाय ते सीटवाल्याचं. मागच्याले सगळा रोड डायरेक्ट."

"मंग कॅरिअर सीटले जोडा," मोरूभाऊ म्हणाले.

"सीटच्या दांड्याले जोडता येते," अमोल म्हणाला. "पण तेवढ्यावर शाळेचं दप्तर बसते, काका. माणूस नाही."

मोरूभाऊंनी डब्याचं झाकण लावलं आणि डबा पिशवीत ठेवला. पण पिशवीचे बंद त्यांना बांधता येईनात. मी ते बांधून दिले. त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

*

तरी माणूस हटला नाही. सायकल घेतलीच. शॉकअप जिथे पोचत नाही तिथे गादी पोचेल, असं म्हणून त्यांनी दुकानात बसून कॅरिअरसाठी खास गादी बनवली. खाली काथ्या, त्यावर कडक फोम, त्यावर मऊ फोम, त्यावर सावरीचा कापूस, वर मखमली खोळ. गोंडे लावले नाहीत, एवढाच संयम.

आम्हाला उद्‌घाटनाला बोलावलं. कुसुमताई हळूहळू चालत गल्लीत आल्या. गादी त्यांच्या छातीला लागत होती.

"हे काय हाय?"

"तुह्यासाठी बसाले हाय वं."

त्यांनी गादी वरपासून खालपर्यंत बघितली. "बसू का चढू?"

स्टूल आणायला आत निघालेले मोरूभाऊ जागीच थांबले. शेजारच्या बायका दारात येऊन उभ्या होत्या. कोणी हसलं नाही, म्हणजे आमच्या समोर नाही.

कुसुमताई सायकलभोवती एक फेरी मारून आल्या. सीट हाताने दाबली. ती छान खाली गेली आणि वर आली. मागे जाऊन कॅरिअर दाबलं. ते ढिम्म हललं नाही.

"भोयर भाऊ, हे स्प्रिंग कोणासाठी असते?"

सरांना असा प्रश्न विचारला की ते पूर्ण तास घेतात. त्यांनी चाक, स्प्रिंग, सीट, कॅरिअर, सगळं बोटाने दाखवून समजावलं. कुसुमताईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे सीटवर बसते त्याले धक्का नाही."

"बरोबर, वहिनी."

"आन मागं बसते त्याले सगळे धक्के."

"एकदम बरोबर!"

"मंग मले मागं काहून बसवून राहिले?"

सर चष्मा काढून पुसायला लागले. अमोल फोन बघायला लागला. मी विम्यातला माणूस, मी एरवीही आधी गप्प बसतो.

मोरूभाऊ शेवटी म्हणाले, "तुले सायकल येते?"

"माहेरी कुही गावाले शाळा काय आमच्या दारात होती?" कुसुमताई म्हणाल्या. "धानाच्या बांधावरून चालवत जात होती मी. मागं लहान बहीण."

"मले कधी सांगतलं नाही वं!"

"तुमच्या घरी आली, तुमी मागं बस म्हणलं. मी बसली."

तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन लावला. स्पीकरवर ठेवला. सपाट रस्ता, धक्का नाही, हळूहळू सुरुवात करायची. चालेल, उलट पाठीला चांगलंच, असं ते म्हणाले.

मोरूभाऊंचा आवाज चढला. "मंग साहेब, आधीच नाही का सांगाचं?"

"तुम्ही बसवायचं विचारलं होतं," डॉक्टर म्हणाले. "चालवायचं कुठे विचारलं?"

*

पहिले काही आठवडे कुसुमताईंनी गल्लीतच चालवली. मुलीचा पंजाबी ड्रेस घालून, पाठ ताठ. मोरूभाऊ एक हात सीटच्या मागे धरून सोबत पळायचे. मग हात सुटला, नुसतं पळणं राहिलं. मग गल्ली संपली आणि मोठा रस्ता सुरू झाला, आणि मोरूभाऊंचा दम संपला.

त्यापुढे काय ठरलं ते नवरा-बायकोतच ठरलं. डॉक्टरांना त्याबद्दल कोणी विचारलेलं नाही.

मागच्या महिन्यातली गोष्ट. रविवारी सकाळी आम्ही तिघे पोह्यांच्या गाडीवर उभे होतो. सर स्टीलवर बोलत होते. समोरच्या सिमेंट रोडवर लांबून ती सायकल येताना दिसली. सीटवर कुसुमताई. कानाला स्कार्फ, नजर सरळ पुढे, बाजारातून निघालेल्या बाईच्या तोंडावर असतं तसं समाधान. हँडलच्या दोन्ही बाजूंना भरलेल्या पिशव्या, मेथीच्या जुड्या बाहेर डोकावत होत्या.

मागे कॅरिअरवर मोरूभाऊ. दोन्ही पाय एका बाजूला घेतलेले, एका हाताने सीटचा दांडा पकडलेला, मांडीवर कोहळं. गादी दिसली नाही. गादीवर बसलं की त्यांचे पाय खाली पाय ठेवायच्या पायटीपर्यंत पोचत नव्हते, असं नंतर कळलं.

सायकल एकेक जॉइंट पार करत आली. प्रत्येक जॉइंटला सीट अलगद खाली जायची आणि वर यायची. प्रत्येक जॉइंटला मोरूभाऊ कोहळ्यासकट उडायचे आणि बसायचे. आमच्यासमोरचा स्पीडब्रेकर तर गल्लीवाल्यांनी फार मनापासून घातलेला आहे. तो आला. मोरूभाऊंनी ओठ दाबले आणि डोळे मिटले.

"हळू घे वं, कुसुम!" ते ओरडले. "लय लागते!"

कुसुमताईंनी मागे वळूनही बघितलं नाही. पायडल मारत, मोठ्या शांत आवाजात म्हणाल्या,

"मले तं काहीच नाही लागत."